रोजच्या कागदांवरचं इंग्रजी: शब्दांचे सोपे अर्थ आणि नेमका वापर

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि बँकेतली स्लिप समोर आली की पेन हातात धरून शेजारच्याकडे बघणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मीही त्याच वाटेने आले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली) आणि ते उत्तरपत्रिकेपुरतंच शिकवलं जायचं. निबंध पाठ, पत्र पाठ, 'ॲक्टिव्ह-पॅसिव्ह' पाठ. मार्क बरे पडायचे, पण खोकल्याच्या बाटलीवरची दोन ओळींची सूचना वाचायची म्हटलं की घाम फुटायचा. पुढे नोकरीत कागद हाताळता हाताळता शब्द उलगडत गेले. आता ओळखीतल्या बायका, कॉलेजची पोरं, निवृत्त काका-मामा विचारायला येतात. त्यांना सांगता सांगता जो क्रम बसला, तो हा.

सुरुवातीलाच एक सांगते. बाजारात शब्दांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात: फळांची नावं, प्राण्यांची नावं, रंग. त्यांच्या वाटेला जाऊ नका. डाळिंबाला 'पॉमग्रॅनेट' म्हणतात हे माहीत नसलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. वीज कंपनीच्या मेसेजमधलं 'अरिअर्स' म्हणजे थकबाकी, हे कळलं नाही तर मात्र घरात अंधार होऊ शकतो. जो कागद हातात पडतो त्याच्यावरचा शब्द आधी शिका. तो पुन्हा पुन्हा समोर येतो आणि पाठ न करता लक्षात राहतो.

काय काय जवळ ठेवायचं

- एक जाड वही. फोनमधल्या नोंदी कुणी परत उघडत नाही, असा माझा अनुभव आहे.
- पासबुक आणि पैसे भरायची-काढायची एकेक कोरी स्लिप.
- घरातल्या औषधाची पट्टी, मागची छपाई शाबूत असलेली.
- वीजबिल, गॅसची पावती, रेल्वेचं तिकीट. जे असेल ते.
- कुठलाही एक भरायचा फॉर्म.
- फोनवर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही फुकट बघता येतात. त्यात अर्थ सोप्या शब्दांत असतो, खाली वाक्य असतं आणि स्पीकरच्या चित्रावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो.

१. आधी तोंडातले शब्द वहीत उतरवा

सकाळपासून रात्रीपर्यंत आपण जे इंग्रजी शब्द मराठी म्हणून बोलतो ते लिहून काढा. वही भरत जाईल. काही तर इतके मुरलेत की इंग्रजी वाटतही नाहीत: 'प्लॅटफॉर्म'चा फलाट झाला, 'रिक्रूट'चा रंगरूट झाला. म्हणजे तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही आहात.

अडचण वेगळीच आहे. यातले बरेच शब्द मराठीत आल्यावर त्यांचा अर्थ सरकला. मराठी बोलताना ते अगदी बरोबर आहेत, कुणी हसलं तर हसू द्या. पण इंग्रजीत बोलताना तेच शब्द तसेच वापरले तर समोरचा गोंधळतो. सगळ्यात जास्त फसवणारे हे:

हॉटेल: आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. इंग्रजीत हॉटेल मुक्कामाचं; खाण्यापिण्याचं ते रेस्टॉरंट.

लाईट: 'लाईट गेली' हे इंग्रजीत सांगताना 'पॉवर' शब्द घ्यायचा. लाईट म्हणजे उजेड किंवा दिवा. शिवाय वजनाला हलकं असलं तरीही लाईटच.

मेडिकल: औषधाचं दुकान म्हणजे 'फार्मसी' किंवा 'केमिस्ट'. मेडिकल म्हणजे 'वैद्यकीय'; त्या एकट्या शब्दाचा अर्थ दुकान होत नाही.

सलाईन: या शब्दाचा अर्थ मिठाचं पाणी. नागपुरात 'सलाईन लावली' म्हटलेलं डॉक्टरांना कळतं, दुबईत 'ड्रिप' म्हणावं लागेल.

शुगर, बीपी: 'आय हॅव शुगर' म्हणजे 'माझ्याकडे साखर आहे'. आजार सांगायचा तर 'डायबिटीस' आणि 'हाय ब्लड प्रेशर'. ब्लड प्रेशर प्रत्येकालाच असतं, वाढलेलं आहे हे 'हाय'मधून कळतं.

पास आउट: आपल्याकडे 'मी २०१५ला पासआउट झालो' सर्रास चालतं. परदेशात याचा अर्थ 'बेशुद्ध पडलो'. तिथे 'ग्रॅज्युएट' हे क्रियापद वापरा.

कॉपी: परीक्षेतल्या कॉपीला इंग्रजीत 'चीटिंग' म्हणतात. कॉपी म्हणजे प्रत. झेरॉक्स हे तर कंपनीचं नाव. काढून घ्यायची ती 'फोटोकॉपी'.

गाड्यांच्या शब्दांचं प्रकरण मजेशीर आहे. 'स्टेपनी' आला वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाकं तयार होत. आज इंग्लंडमध्येच हा शब्द कुणाला कळणार नाही, 'स्पेअर व्हील' म्हणा. 'डिकी'ला ब्रिटनमध्ये 'बूट' म्हणतात, अमेरिकेत 'ट्रंक'. आणि 'अपडाउन करणे' ही आपली स्वतःची देणगी. रोज गावाहून नोकरीला ये-जा करण्याला इंग्रजीत 'कम्यूट' म्हणतात.

२. शब्द एकटा लिहू नका

वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये रेघ, अशी दोन रकान्यांची सवय शाळेने लावली. ती मोडा. एका शब्दाला निम्मं पान द्या. नमुन्यासाठी माझ्या वहीतला 'ड्यू' बघा:

> ड्यू (डी-यू-ई). द्यायचं असलेलं, ठरल्या वेळी होणारं.
> ड्यू डेट: शेवटची तारीख (वीजबिल).
> ओव्हरड्यू: तारीख उलटून गेलेलं (कर्जाचा हप्ता, ग्रंथालयाचं पुस्तक).
> नो ड्यूज सर्टिफिकेट: काही देणं बाकी नाही याचा दाखला.
> ड्यू टू हेवी रेन: जोराच्या पावसामुळे. (स्टेशनवरची घोषणा. इथे पैशांचा काही संबंध नाही!)

शेवटची ओळ मुद्दाम लिहिली आहे. शब्द कुणाबरोबर उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. 'आउटस्टँडिंग' घ्या. मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'आउटस्टँडिंग' आलं तर पेढे वाटा. कर्जाच्या कागदावर 'आउटस्टँडिंग अमाउंट' आलं तर ती फेडायची बाकी रक्कम आहे. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड आणि व्याजही. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्याध्यापक आणि कर्जाची मुद्दलही. स्पेलिंगच्या शेवटी 'एल-ई' आलं तर मात्र 'तत्त्व'.

३. बँक: जमा, नावे आणि मधली गल्ली

'डिपॉझिट' म्हणजे खात्यात भरणं, 'विड्रॉवल' म्हणजे काढणं. दोन्हींच्या स्लिपा शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात आणि घाईत हमखास चुकीची उचलली जाते, म्हणून वरचा मोठा शब्द वाचल्याशिवाय पेन टेकवू नका. रोख भरायच्या स्लिपवर 'डिनॉमिनेशन' असा रकाना असतो. तिथे कितीच्या किती नोटा ते लिहायचं: ५०० गुणिले ४, १०० गुणिले ३. 'इन फिगर्स' म्हणजे आकड्यांत, 'इन वर्ड्स' म्हणजे अक्षरी. अक्षरी रकमेच्या शेवटी 'ओन्ली' लिहितात, ते आपल्या 'फक्त'सारखंच, पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून.

पासबुकातले दोन रकाने: 'क्रेडिट' म्हणजे जमा, 'डेबिट' म्हणजे नावे. मेसेजमध्ये ते असे येतात: 'क्रेडिटेड टू युअर अकाउंट', म्हणजे खात्यात पैसे आले, 'डेबिटेड फ्रॉम युअर अकाउंट', म्हणजे गेले. शब्द आठवला नाही तर 'टू' आणि 'फ्रॉम' बघा, तेवढ्यावरही काम भागतं. आता गंमत अशी की 'क्रेडिट कार्ड'मधलं क्रेडिट म्हणजे उधारी. खात्यात क्रेडिट झालं की आनंद, कार्डावर खर्च केला की देणं.

चेक एकदा नीट न्याहाळा. 'पे' या शब्दापुढे ज्याला द्यायचे त्याचं नाव. त्या ओळीच्या शेवटी 'ऑर बेअरर' छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ 'किंवा जो हा चेक घेऊन येईल त्याला'. म्हणजे चेक हरवला आणि भलत्याच्या हाती लागला, तर तो काउंटरवर जाऊन पैसे मागू शकतो. म्हणून डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून मध्ये 'ए/सी पेयी' लिहितात. मग पैसे त्या नावाच्या खात्यातच जातात. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो भरावा लागतो. २०१२च्या एप्रिलपर्यंत ही मुदत सहा महिने होती, त्यामुळे जुनी माणसं अजून सहा म्हणतात. मुदत उलटलेल्या चेकला 'स्टेल' म्हणतात. शिळ्या पावालाही हाच शब्द.

'नॉमिनी' हा शब्द सगळे सराईतपणे बोलतात आणि बहुतेक जण चुकीचा समजतात. नॉमिनी म्हणजे खातेदार गेल्यावर बँक ज्याच्या हाती पैसे देईल तो माणूस. मालकी कोणाची, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. नॉमिनी नेमला म्हणजे वारस ठरला, असं धरून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आणखी थोडे, भराभर. 'बॅलन्स': शिल्लक. 'स्टेटमेंट': व्यवहारांचा उतारा. 'मॅच्युरिटी': ठेवीची मुदत पूर्ण होणं. 'गॅरंटर': जामीन. 'मॉर्गेज': गहाण (यातला 'टी' बोलायचा नाही). 'इनसफिशियंट फंड्स': खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 'इनऑपरेटिव्ह': दोन वर्षं काहीच व्यवहार नसल्याने झोपी गेलेलं खातं.

सापळा: फसवणुकीच्या मेसेजची भाषा ठरलेली असते. 'अर्जंट', 'इमिजिएटली', 'युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ड', 'व्हेरिफाय', 'क्लिक हिअर'. हे पाचही शब्द वहीत लाल पेनाने लिहा. यूपीआयवर 'पे' आणि 'रिसीव्ह' यांतला फरक डोक्यात पक्का ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा.

४. औषधाची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

सगळं सोडून एकच शिकायला वेळ असेल तर हे शिका.

पट्टी उलटी करा. सर्वांत वर किंवा मधोमध औषधाचं खरं नाव बारीक अक्षरांत असतं, उदाहरणार्थ 'पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आय.पी. ५०० एमजी'. समोरचं मोठं रंगीत नाव कंपनीने ठेवलेलं. 'आय.पी.' म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचं भारतीय मानक. 'कंपोझिशन' किंवा 'ईच टॅब्लेट कंटेन्स' या शब्दांपुढे गोळीत काय किती आहे ते लिहिलेलं असतं. हे वाचायची सवय का लावायची? तापाची गोळी एका नावाची, सर्दीची दुसऱ्या नावाची, आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच. घरात दोन्ही पट्ट्या असतात, माणूस दोन्ही घेतो आणि मात्रा दुप्पट होते. मोठी नावं बाजूला ठेवून 'कंटेन्स'च्या पुढचे शब्द ताडून बघा; जुळले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र घेऊ नका.

'एमएफजी' म्हणजे बनवल्याची तारीख, 'ईएक्सपी' म्हणजे मुदत संपण्याची. औषधावर नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत असते. खाण्याच्या पाकिटावर 'बेस्ट बिफोर' दिसतं, त्याचा अर्थ तोपर्यंत चव-दर्जा उत्तम राहील. 'यूज बाय' असेल तर त्या तारखेनंतर खायचंच नाही. हे दोन एक समजू नका. 'एमआरपी' ही सर्व कर धरून जास्तीत जास्त किंमत. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त नाही.

पट्टीवर एक उभी लाल रेघ दिसते का बघा. ती असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक्सवर ती असतेच. सूचनांमधले नेहमीचे वाक्प्रचार असे:

- शेक वेल बिफोर यूज: वापरण्याआधी बाटली नीट हलवा.
- फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली: फक्त बाहेरून लावायला. पोटात घ्यायचं नाही.
- कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन: मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.
- मे कॉज ड्राउझीनेस: झोप, गुंगी येऊ शकते. घेतल्यावर गाडी चालवू नका.
- स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस: थंड, कोरड्या जागी ठेवा. इथलं 'स्टोअर' म्हणजे दुकान नव्हे.

चिठ्ठीवरची अक्षरं इंग्रजी लिपीत असली तरी पुष्कळशी लॅटिनमधून आली आहेत. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना, 'एसओएस' गरज पडली तरच. हो, तोच टीडीएस! बँकेत टीडीएस म्हणजे व्याजातून आधीच कापलेला कर, दवाखान्यात दिवसातून तीनदा गोळी. 'एसी' जेवणाआधी, 'पीसी' जेवणानंतर. अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधू नका, केमिस्टकडून पट्टीवर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) असं लिहून घ्या.

रिपोर्टचे तीन शब्द माणसांना उगाच रडवतात किंवा उगाच निर्धास्त करतात. 'पॉझिटिव्ह' म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं. आजाराच्या तपासणीत ही चांगली बातमी नसते. (रक्तगटाच्या पुढचं पॉझिटिव्ह वेगळं, त्याला घाबरायचं कारण नाही.) 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं, 'क्रॉनिक' म्हणजे बराच काळ चाललेलं. क्रॉनिक म्हणजे भयंकर असं नाही. वर्षानुवर्षांची पाठदुखीही क्रॉनिकच. 'फास्टिंग' म्हणजे उपाशीपोटी, आणि इथे आपला उपास चालत नाही: साबुदाण्याची खिचडी खाऊन 'फास्टिंग शुगर' द्यायला जाऊ नका. 'पीपी' म्हणजे जेवणानंतरची, साधारण दोन तासांनी.

५. फॉर्म भरताना

'ब्लॉक लेटर्स' किंवा 'कॅपिटल्स' लिहिलं असेल तर पहिल्या लिपीतली मोठी अक्षरं, सुटी सुटी. 'सरनेम' आडनाव, 'फर्स्ट नेम' स्वतःचं नाव. 'मिडल नेम'मध्ये आपण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहितो, पण बाहेरच्या देशांत मिडल नेम म्हणजे माणसाचं स्वतःचंच दुसरं नाव. पासपोर्टवर तर दोनच रकाने असतात, 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम'. गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि मधलं, दोन्ही येतात. नाव सगळ्या कागदांवर एकाच स्पेलिंगने लिहा. आधारवर एक 'ए' आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दोन, या फरकाने किती चकरा पडतात ते विचारू नका.

'स्पाउस': नवरा किंवा बायको, दोघांनाही हाच शब्द. 'सिब्लिंग्ज': सख्खी भावंडं. 'डिपेन्डन्ट्स': तुमच्यावर अवलंबून असलेले. 'ऑक्युपेशन': व्यवसाय, घर सांभाळत असाल तर 'होममेकर' लिहा, रकाना मोकळा सोडू नका. 'स्ट्राइक आउट व्हिचेव्हर इज नॉट ॲप्लिकेबल': जे लागू नाही त्यावर रेघ मारा. लोक नेमकी लागू असलेल्यावरच मारतात. 'एन.ए.' म्हणजे मला लागू नाही, 'निल' म्हणजे लागू आहे पण आकडा शून्य. 'फॉर ऑफिस यूज ओन्ली' दिसलं की पेन उचलायचं.

'अटेस्टेड' म्हणजे अधिकाऱ्याने सही-शिक्का देऊन खरी ठरवलेली प्रत, 'सेल्फ-अटेस्टेड' म्हणजे तुम्हीच सही करायची. 'एन्क्लोजर्स' म्हणजे सोबत जोडलेले कागद.

तारखांचे शब्द मात्र सावकाश वाचा. 'ऑन ऑर बिफोर ३१ जुलै'मध्ये ३१ तारीख धरलेली आहे. नुसतं 'बिफोर ३१ जुलै' असेल तर ३०लाच संपलं. 'विदिन सेव्हन डेज' म्हणजे सात दिवसांच्या आत, 'आफ्टर सेव्हन डेज' म्हणजे सात दिवसांनंतर. आणि अमेरिकेतला फॉर्म असेल तर महिना आधी, दिवस नंतर: ०५/०६ म्हणजे तिथे ६ मे.

६. रेल्वेचं तिकीट

इथे फार थांबायला नको, चार शब्दांत काम होतं. 'कन्फर्म्ड': बर्थ पक्की. 'आरएसी': गाडीत चढता येतं, बसायला जागा मिळते, कुणी रद्द केलं तर बर्थ मिळते, तोवर एक साइड लोअर दोघांत. 'वेटिंग': चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, त्यावर चढू नका. 'रिशेड्यूल्ड' म्हणजे सुटायची वेळच बदलली, 'डायव्हर्टेड' म्हणजे मार्ग बदलला. दुसऱ्यात तुमचं स्टेशन वगळलंही जाऊ शकतं, म्हणून विचारून घ्या. मुंबईच्या लोकलला 'अप' म्हणजे चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणारी, 'डाउन' म्हणजे तिकडून निघालेली.

७. छोटी क्रियापदं, मोठं काम

१९३० साली चार्ल्स ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाने फक्त ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं. त्यात क्रियापदं अगदी मोजकी होती: गेट, गिव्ह, टेक, पुट, मेक, कम, गो अशी. एवढ्यावर जग चालेल का हा वाद वेगळा, पण ही क्रियापदं हातात आली की बोलणं खरंच सुटतं. 'पुट ऑन' अंगावर घालणं, 'पुट ऑफ' पुढे ढकलणं. 'टेक ऑफ' काढून ठेवणं (चपला) आणि उडणं (विमान). 'फिल इन' आणि 'फिल आउट' दोन्हींचा अर्थ फॉर्म भरणं, त्यावर डोकं शिणवू नका.

आपली अडचण उलट्या बाजूने येते. मराठीत एक 'लावणे' आहे आणि त्यावर अर्धा संसार चालतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद:

- फोन लावणे: कॉल
- टीव्ही लावणे: टर्न ऑन
- उदबत्ती लावणे: लाइट
- कुलूप लावणे: लॉक
- झाड लावणे: प्लांट
- गजर लावणे: सेट
- मलम लावणे: अप्लाय
- गाडी लावणे: पार्क
- नोकरीला लावणे: हे एका शब्दात होणार नाही, 'गेट हिम अ जॉब' म्हणा

मलमाच्या ट्यूबवरचं 'अप्लाय' आणि नोकरीसाठीचं 'अप्लाय' एकच. ट्यूबवर लावायचं, नोकरीला अर्ज करायचा. 'घेणे' हे क्रियापद घेऊन अशीच यादी स्वतः करा: चहा घेणे, औषध घेणे, साडी घेणे, मूल कडेवर घेणे. रविवारची दुपार मजेत जाईल.

मराठी वाक्य उचलून तसंच ठेवलं की 'क्लोज द लाईट' होतं. दिवा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' करायचा. 'क्लोज' दाराला, खिडकीला, खात्याला. तसंच 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही, 'रिटर्न'नंतर 'बॅक' लागत नाही आणि 'रिपीट'मध्ये 'अगेन' आलेलंच असतं.

८. लिहिलेलं आणि बोललेलं

देवनागरी वाचणाऱ्याला वाटतं, अक्षर आहे म्हणजे आवाज असणारच. इंग्रजीत तसं नसतं. 'रिसीट'मध्ये (पावती) 'पी' आहे, तो गप्प. 'डाउट' आणि 'डेट' (कर्ज) यांतला 'बी' गप्प. 'प्लमर'मधलाही. 'वेन्स्डे'त पहिला 'डी' बोलत नाही. रांगेला 'क्यू' म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगमधली पहिल्या अक्षरानंतरची चारही अक्षरं नुसती उभी असतात.

आणखी एक. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण दोन्ही 'व' बोलतो. 'वेस्ट' दिशा, 'व्हेस्ट' बनियन. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'डब्ल्यू'ला ओठ गोल करा. आरशासमोर जमतं. याहून जास्त उच्चाराच्या मागे लागू नका. समोरच्याला कळलं की पुरे. आपला मराठी हेल राहिला तर राहू दे.

फोनवरचं भाषांतर वापरायचं असेल तर अख्खं वाक्य टाका. एकटा शब्द टाकला की यंत्र त्याला जो अर्थ पहिला आठवेल तो देतं, आणि 'आउटस्टँडिंग लोन'चं 'उत्कृष्ट कर्ज' होऊन बसतं.

९. काउंटरवर अडलात तर

ही चार वाक्यं तोंडात बसवा. वहीच्या पहिल्या पानावर लिहा, वेळ आली तर वाचून दाखवली तरी चालतात.

'कुड यू प्लीज रिपीट दॅट?' परत सांगाल का?
'कुड यू स्पीक स्लोली, प्लीज?' जरा सावकाश बोला.
'व्हॉट डझ धिस वर्ड मीन?' या शब्दाचा अर्थ काय? (बोट कागदावर ठेवून.)
'कुड यू राइट इट डाउन?' लिहून द्याल का?

'व्हॉट?' एवढंच म्हटलं तर उद्धट वाटतं, 'सॉरी?' म्हणा, शेवटचा सूर वर न्या. तिथे 'सॉरी' म्हणजे माफी नसते, 'ऐकू आलं नाही' एवढंच. आणि महाराष्ट्रातल्या बँकेत असाल, तर यातलं काहीही म्हणण्याआधी मराठीत विचारून बघा. पैसे भरायची, काढायची स्लिप बहुतेक ठिकाणी मराठीतही छापलेली असते, कधी कधी फक्त ती उलट्या बाजूला असते.